उद्यमबागच्या मोल्डरनं रचलेला हिमालय

माझं शिक्षण चौथी. पाचवीत गेलतो, पण पंधरा दिवसांतच बापानं काढून शेतावर नेलं, आणि पुढं उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डर म्हणून, लोखंड ओतायचे साचे करायला, चाळीस वर्षं वाळू कुटली. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या बेळगावच्या अनगोळात हल्ली जो तो हिमालयात जाऊन येतो आणि मोबाइलवर दोनदोनशे फोटो दाखवतो. माझ्याकडं फोटो चार. त्यातला एक माझ्या अंगठ्याचा. पण हिमालयात जाऊन हिमालय रचून आलेला माणूस या गल्लीत मी एकटाच. कुणाला शंका असली तर घरी यावं. चहा मिळेल.

माझी थोरली लेक शैला तिकडं एका राष्ट्रीय उद्यानाच्या कामावर आहे. कुठलं ते लिहीत नाही, तिची नोकरी आहे. उद्यान म्हटल्यावर आमची मंडळी म्हणाली, "झोपाळं बिपाळं असतील." तसलं ते नव्हं. झाडं जिथं संपतात त्याच्याही वरचा तो डोंगर. वर नुसतं गवत, त्याच्यावर दगड, त्याच्यावर बर्फ. त्या गवताच्या माळाला तिथं बुग्याल म्हणतात. पुढली वर्षं या डोंगराचा कारभार कसा करायचा, तंबू कुठं पडायचे, जनावर कुठं निवांत राहू द्यायचं, मेंढरं कुठल्या वाटेनं न्यायची, हे ठरवणारा आराखडा करायचं काम शैलाकडं. आणि तो गावकऱ्यांना विचारून करायचा, असं वरून सांगितलेलं.

"आप्पा, एकदा येऊन बघा तरी," ती दोन वर्षं म्हणत होती. यंदा मे महिन्यात निघालो. निघताना मंडळी म्हणाली, "तिकडं जाऊन कुणाला शिकवायला लागू नका."

"व्हय," म्हटलं.

निपाणी

वाकडा फेरा पडला तरी बहिणीला भेटल्याशिवाय एवढ्या लांब जायचं नाही, असं ठरवलेलं. अंबाक्काचा जन्म निपाणीत बिड्या वळण्यात गेला. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी बोटं थांबत नाहीत. बोलता बोलता पान कापते, जर्दा भरते, दोरा मारते. तिनं बिडीची बंडलं पिशवीत कोंबली.

"अगं, मी वढत न्हाय, ठावं हाय न्हवं तुला?"

"मग वाट. परमुलखात रिकाम्या हातानं जाऊ नगंस. तुझा तो बेळगावचा गोड कुंदा काय त्या थंडीत कुणी खाणार हाय?"

कुंद्याबद्दल तिचं चुकलं. कुंदा पहिल्याच दिवशी संपला. बिड्यांबद्दल मात्र तिचं बरोबर निघालं, ते पुढं येईलच. आगगाडी आणि जीपचं काय सांगू? कंबर मोडली, पोचलो.

वरचं गाव

सकाळी दार उघडलं तर समोर बर्फ. एवढ्या जवळ, की वाटलं हात लांब केला तर बोटं गार पडतील. मी काही हात जोडून रडलो बिडलो नाही. फौंड्रीत हजार कढया वितळलेलं लोखंड बघितलेल्या माणसाला पांढरं दिसलं म्हणून रडू येत नाही. पण पंधरा-वीस मिनिटं जागचा हललो नाही, हे खरं.

शैला राहते बिमला नावाच्या बाईच्या घरात. नवरा फौजेत, ही शेत आणि दोन म्हशी बघते. तिनं पहिल्या जेवणाला काळसर भाकरी वाढली. तोंडात घातली आणि ओरडलो, "अरे, ही तर नाचणी!" तिथं तिला मंडुवा म्हणतात. खानापूरच्या आमच्या गावात आजी थापायची तीच चव, फक्त जाड. बरोबर पालेभाजी होती, लई गोड लागली. दुसऱ्या दिवशी परसात तोच पाला दिसला, म्हटलं आपण खुडून देऊ. मूठभर धरला आणि असा काही बोंबललो की म्हशींनी दावं तोडलं. पेटल्यासारखा हात. खाजकुयली त्याच्यापुढं काहीच नाही. बिमला हसून हसून खाली बसली. "बाबा, त्याला चिमट्यानं धरतात! शिजवल्यावर गरीब होतो तो."

दोन दिवस तो हात मी पाण्याच्या कळशीत घालून बसलो. त्याच अवस्थेत सभा बघितली.

मुकी सभा

शाळेच्या पटांगणात सगळं गाव बसलेलं. भिंतीवर भला मोठा नकाशा. शैलानं हिंदीत सगळं नीट सांगितलं. मेंढरं बुग्यालला न्यायला उद्यानाच्या हद्दीतून एकच वाट उघडी राहणार, बाकीच्या बंद. नकाशात सध्या नदीकाठची खालची वाट धरलीय, कारण ती जवळची. तुमचं काय म्हणणं?

कुणी काही म्हणेना. एक म्हातारा म्हणाला, "जो आप ठीक समझें." दुसराही तेच. चहा झाला, माणसं गेली.

आमच्याकडं सभा म्हणजे देवळाच्या कट्ट्यावर एका वेळी दहा जण बोलणार आणि अकरावा ओरडणार, "एकेकानं बोला रं!" ही शांतता बघून मला घाम फुटला.

शैला पायरीवर बसली. "आप्पा, ही तिसरी सभा. आठ दिवसांनी बडे साहेब येणार. तोवर कुणी काही बोललं नाही तर खालचीच वाट पक्की होईल. मागच्या वर्षी मी मेंढरं दुसरीकडूनच जाताना बघितलीत. पण मला वाटतं म्हणून नकाशात लिहिता येत नाही. त्यांनी सांगायला पाहिजे."

"मग इचार की त्यांना घरी जाऊन."

"विचारलं. घरी चहा देतात, आणि म्हणतात तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच ठरवा."

बचनसिंग

मेंढरांचा मोठा कळप बचनसिंगचा. माझ्याच वयाचा, अंगावर लोकरीचा डगला. तीन दिवसांनी, हात निवल्यावर, संध्याकाळी त्याच्या वाड्याशी जाऊन बसलो आणि अंबाक्काचं बंडल पुढं केलं. त्यानं एक शिलगावली, डोळे मिटले, म्हणाला, "कुठली?"

"निपाणीची. माझ्या बहिणीच्या हातची."

"बहिणीला सांग, बचनसिंगनं पाय धरलेत."

माझी हिंदी बेळगावची. तिच्यात निम्मं मराठी, थोडं कन्नड. त्याची हिंदी पहाडी. तरी दोघांचं जमलं. तो सांगत होता, वरच्या गवताला देवीचा दिवस होईपर्यंत कुणी विळा लावत नाही. मी सांगितलं, आमच्या गावातही यात्रेच्या आधी मंगळवार पाळतात. त्या वारी औत निघत नाही, शेतात कुणी पाय ठेवत नाही. तो एवढा खूष झाला की उठून माझ्यासाठी खारट चहा घेऊन आला. तो मी प्यालो. मैत्रीत माणूस काहीही पितो.

मग विचारलं, "सभेत गप्प का बसलास?"

बिडीची राख झाडून तो म्हणाला, "त्या कागदात मला आमचा डोंगर दिसला नाही. नुसत्या रेघा. लाकडाच्या गाठीत असतात तशा, एकात एक. बोट कुठं ठेवू?"

"खालची वाट कशी हाय?"

"जूनपर्यंत तिथल्या नाल्यात बर्फ असतो. वरून घट्ट दिसतो. खालून पाणी पोखरत असतं. माझा धाकटा भाऊ त्यावरून गेला. जवळची वाट म्हणून." त्यानं बिडी दगडावर विझवली. "तो आणि त्याची मेंढरं, सगळी आत गेली. आम्ही वरच्या धारेनं, डोंगराच्या कण्यावरनं जातो. तीच वाट बंद झाली तर..."

"मग हे सांग की साहेबाला!"

"कागदाला सांगू?"

आमच्याकडं कचेरीतून कागद कन्नडात येतो. बोलायला मला कन्नड येतं, पण वाचायचं म्हटलं की तो कागद घेऊन शेजारच्या मास्तरांकडं जावं लागतं, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत मी मान खाली घालून उभा असतो. ती मान खाली घालणं मी ओळखतो. सभेत सगळ्या गावाची मान तशीच होती.

परत येताना फौंड्री आठवली. इंजिनियर ड्रॉइंग घेऊन यायचा, आम्ही मोल्डर त्याच्याकडं म्हशीसारखं बघायचो. पण तोच पार्ट लाकडाचा करून हातात दिला की आम्हीच त्याला सांगायचो, इथं लोखंड पोचणार न्हाय साहेब, इथं भोक पडणार. आणि तिथंच पडायचं.

शैलाला म्हटलं, "तुझ्या नकाशाची एक प्रत दे."

"कशाला, आप्पा?"

"डोंगर करतो."

वाळू

दुसऱ्या दिवशी शैला चार दिवसांसाठी जिल्ह्याच्या गावी गेली, साहेबांबरोबरच परत येणार होती. रेघांचा अर्थ मात्र तिनं जाण्याआधी समजावला. रेघा जवळजवळ असतील तिथं चढ उभा, लांब लांब असतील तिथं सपाट. मी म्हटलं, एवढंच ना?

नदीवरनं वाळू आणली. मुठीत दाबली आणि मूठ उघडली. भुसभुशीत, अंगात चिकटपणाच नाही. असली वाळू उद्यमबागेत मी दारातनं परत पाठवली असती. बिमला भिंती सारवायला लाल माती वापरते, ती मिसळली. पाणी हातानं शिंपडलं, तीनदा मळली. परत मूठ दाबली, दोन बोटांत धरून मोडली, तेव्हा कड धारदार तुटली. वाळू तयार झाली की अशीच तुटते. शाळेची मोडकी दारं आडवी लावून पटांगणातच चौकट केली. लाकडाचा ठोकळा घेऊन वाळू कुटायला लागलो. या वयात खांदा भरून आला, पण हाताला काम ओळखीचं होतं. बऱ्याच वर्षांनी मी कामावर गेलतो.

तीन दिवसांत डोंगर उभा केला. धारा, नाले, नदी, माळ, सगळं. गाव येता-जाता डोकवायचं, पण मी वर गोणपाट टाकून ठेवला आणि कुणाला बघू दिलं नाही. साचा उघडा ठेवला की कुणीतरी बोट घालतंच, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. बिमला म्हणाली, "बाबा, आम्हाला दाखवा तरी, बरोबर आहे का बघू."

"मी केलेलं हाय. बरोबरच असणार."

साहेब आले

साहेब उंच, चष्म्याचे, बोलायला मऊ. खुर्चीवर बसले. नकाशा भिंतीवर. शैलानं परत सगळं सांगितलं, साहेबांनी विचारलं, "किसी को कुछ कहना है?"

गाव गप्प. बचनसिंग जमिनीकडं बघत होता. साहेबांनी पेन काढलं.

मी उठलो, पुढं गेलो आणि गोणपाट ओढला.

क्षणभर सगळे बघत राहिले. माझी छाती अशी फुगली, की वाटलं आता टाळ्या पडणार. तेवढ्यात मागनं बिमला फस्सकन हसली.

"बाबा! नदी तर तिकडं आहे!"

"कुठं तिकडं?"

"त्या बाजूला! तुम्ही इकडं काढलीय. सगळा डोंगरच उलटा!"

आणि सगळं पटांगण हसायला लागलं. म्हातारे, बायका, शैलासुद्धा तोंडाला पदर लावून. मी म्हटलं, "नदी जागेवर हाय. तुम्ही उलट्या बाजूला बसलाय. इकडनं येऊन बघा."

निम्मं गाव उठून इकडं आलं. इकडनंही उलटाच. बचनसिंग चौकटीला वळसा घालून माझ्यासमोर उभा राहिला. "दादा, तुमच्या बेळगावात सूर्य कुठून उगवतो?"

परत हशा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. गटाराच्या बिडाच्या झाकणावर नाव घालायचं असलं, की मी वाळूत ते हातानं कोरायचो, आणि वाळूत ते उलटं कोरायचं असतं, तेव्हा लोखंडात सुलटं उमटतं. चाळीस वर्षं माझ्या हातानं वाळू बघितली की डाव्याचं उजवं केलं. नकाशा पुढं ठेवून तीन दिवस हातानं तेच केलं, आणि मला पत्ता नाही.

हे मी आत्ता लिहितोय. तिथं कबूल केलं नाही. तिथं म्हटलं, "मग नीट करा की! डोंगर तुमचा, मला काय ठावं?"

बास. तेवढंच पुरलं.

बिमला पदर खोचून गुडघ्यावर बसली आणि तिनं माझी नदी बुजवली. एका म्हाताऱ्यानं एक धार हातानं कापून दुसरीकडं नेऊन बसवली. दुसरा ओरडला, "ती एवढी उंच कुठं आहे? तुझ्या लग्नात उंच झाली काय?" बायका गवताच्या जागा दाखवायला लागल्या, झरे दाखवायला लागल्या, एकमेकींचे हात बाजूला सारायला लागल्या. कुणी म्हणे इथं कस्तुरी हरणी व्यायला येते, तिथं आम्हीच कुत्री नेत नाही. शैला वही घेऊन एकीकडून दुसरीकडं पळत होती, लिहिता लिहिता तिची धांदल उडाली. माझं तीन दिवसांचं काम त्यांनी अर्ध्या तासात मातीत घातलं. दुसऱ्या कुणी हात लावला असता तर मी कुटायचा ठोकळा फेकून मारला असता. पण ते जे घडवत होते ते माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि चांगलं काम मला कळतं.

साहेब केव्हाच खुर्ची सोडून उभे राहिले होते. मग बूट काढून तेही खाली बसले. "और मेंढरांची वाट?" त्यांनी विचारलं. म्हणजे हिंदीतच विचारलं, मला तेवढं आठवतंय की सगळे एकदम बचनसिंगकडं बघायला लागले.

बचनसिंगनं डगल्याच्या खिशातली लाल लोकर काढून बोटांनी पीळ दिला, आणि तो लाल दोरा गावापासून वरच्या धारेनं, तीन ठिकाणी वाकवत, बुग्यालपर्यंत ठेवला. मग बिमलाकडून ओंजळभर पीठ मागितलं. खालच्या वाटेवरच्या नाल्यात ते पीठ दाबून भरलं, वरून थोपटून सपाट केलं. तांब्यातलं पाणी वरच्या अंगानं हळू सोडलं. पाणी पिठाच्या खाली शिरलं आणि पलीकडून बाहेर आलं. पीठ वर होतं तसंच, पांढरं, कोरडं. त्यानं एक खडा उचलला आणि पिठावर ठेवला. खडा क्षणभर थांबला आणि गेला आत.

"माझा भाऊ," एवढंच तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला. "उद्या सकाळी मला हा नाला दाखवा," ते म्हणाले.

नाला

सकाळी साहेब, शैला, बचनसिंग आणि गावातली पाच-सहा माणसं. "आप्पा, तुम्ही येऊ नका, चढ आहे," शैला म्हणाली. मी गेलो. धापा टाकत, दोनदा बसत, पण गेलो.

नाल्यावर बर्फ पसरलेला, दुरून सिमेंटचा पूल वाटावा असा. साहेब म्हणाले, दिसायला तर भक्कम आहे. बचनसिंगनं दोन हातांनी धोंडा उचलून त्याच्या मधोमध टाकला. धोंडा गेलाच, वर बैलगाडी मावेल एवढं भगदाड पडलं. खालून पाण्याचा असा आवाज वर आला, की मला आमची मोठी भट्टी आठवली.

साहेबांनी तिथंच दगडावर नकाशा पसरला. लाल पेनानं खालच्या वाटेवर फुली मारली. वरच्या धारेची वाट बचनसिंगच्या बोटामागून काढली. या वेळी त्याला बोट कुठं ठेवायचं ते कळत होतं. रेघांमधनं त्याला वाळूतला डोंगर दिसत होता. खाली आल्यावर गावानं सह्या केल्या, अंगठे उठवले. हरिणीच्या जागेवर गावानं आपण होऊन गोल काढला, इथं कुणी यायचं नाही, आम्हीसुद्धा नाही.

त्याआधी नाल्यावरनं उतरताना शैलानं माझा हात धरला. "आप्पा, खरं सांगा. डोंगर तुम्ही मुद्दाम उलटा केलात ना, ते बोलावेत म्हणून?"

"व्हय तर," म्हटलं.

पक्का आराखडा मंजूर व्हायला पुढं हिवाळा उजाडला. शैलानं फोनवर सांगितलं, लाल वाट आहे तशी छापून आलीय. पण साहेबांनी त्या हंगामासाठी लेखी परवानगी तिथंच दिली होती, म्हणून मला तो दिवस बघायला मिळाला.

मेंढरं

जूनच्या सुरुवातीला कळप निघाला. गावाच्या वर, जिथं धारेची वाट सुटते, तिथं वनरक्षकानं काटेरी फाटक लावलेलं. सगळं गाव तिथं उभं. बिमलानं बचनसिंगला टिळा लावला, मलाही लावला. वनरक्षकानं परवानगीचा कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि फाटक ओढून बाजूला केलं.

पहिली मेंढी फाटकाशी येऊन थांबली. मागं सगळा कळप दाटला. बचनसिंग माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "दादा, हाक तुम्ही द्या."

मी गळा साफ केला. खानापूरच्या रानात पोरवयात गुरं वळवायला द्यायचो तशी, पोटातनं हाक दिली. हिमालयात ती जरा जास्तच घुमली. मेंढीनं कान हलवले, उडी मारली, आणि तिच्यामागून अख्खा कळप धारेनं वर चढायला लागला.